निदानानंतरचे तीन आठवडे: आईच्या जिवाला लागलेला घोर कसा ओळखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातील एका गावात राहणाऱ्या ५६ वर्षांच्या आईंना तीन आठवड्यांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. डॉक्टरांनी दुसरी स्टेज सांगितली असून दहा दिवसांनी केमोथेरपी सुरू व्हायची आहे. आजार कर्करोगाचा आहे हे आईंना माहीत आहे, स्टेज मात्र घरच्यांनी त्यांच्यापासून लपवली आहे. त्या रात्र-रात्र जाग्या असतात, अर्धी भाकरीसुद्धा ताटात तशीच राहते, आल्यागेल्याशी बोलत नाहीत, ‘माझ्यापायी तुमची ओढाताण’ असे म्हणतात आणि एकदा ‘आता पुरे झालं’ असेही म्हणाल्या. पुण्यात नोकरी करणारी मुलगी विचारते की हे डिप्रेशन आहे का, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे का, की थोडा काळ गेला म्हणजे आपोआप निवळेल. ‘तिला वेडी ठरवाल’ असे म्हणून भावाचा विरोध आहे. टेन्शनने कर्करोग वाढतो असे सगळे नातेवाईक सांगतात, ते खरे आहे का, हाही एक प्रश्न आहे.

मी गेली बावीस वर्षे कर्करोगाच्या रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या आईंना मी पाहिलेले नाही, त्यामुळे निदान करणार नाही. त्यांना पूर्वी कधी नैराश्य येऊन गेले आहे का, घरात यापूर्वी कोणाला कर्करोग झाला होता का आणि त्याचे काय झाले, सध्या दुखते किती, थायरॉइडचा त्रास आहे का, या चार गोष्टींवर माझे उत्तर बरेच बदलू शकते. तरीही तुमच्या पत्रात जे आहे त्यावरून विचार कसा करायचा हे सांगता येईल.

‘आता पुरे झालं’ या वाक्याकडे आधी वळते, कारण बाकी सगळे चार दिवस थांबले तरी चालेल, हे थांबवून चालणार नाही. आपल्याकडे हे वाक्य दमलेली बाई दिवसातून तीनदा म्हणते, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘मी दमले’ एवढाच असतो. परंतु नुकतेच कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाच्या तोंडी ते आले तर त्याचा अर्थ गृहीत धरू नये, तो विचारावा. स्वीडनमध्ये साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका कर्करोग नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे बारा पट होता आणि पुढच्या आठवड्यांत तो उतरत गेला. प्रत्यक्ष घटनांची संख्या फार लहान होती, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण निदानानंतरचे सुरुवातीचे दिवस नाजूक असतात एवढे त्यातून निश्चित कळते. त्याच अभ्यासात हृदयविकाराने होणारे मृत्यूही पहिल्या आठवड्यात काही पटींनी वाढलेले आढळले. त्यामुळे आईंच्या छातीत दुखत असेल किंवा धडधडत असेल तर ‘टेन्शन घेतलंय’ म्हणून ते सोडून देऊ नका.

विचारायचे कसे, हा पुढचा प्रश्न. आडून आडून विचारू नये. स्वयंपाकघरात किंवा अंगणात, दोघीच असताना, हातात काहीतरी काम असताना सरळ विचारावे: ‘आई, त्या दिवशी तू पुरे झालं म्हणालीस, तेव्हा मनात नेमकं काय होतं? जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल, ही भीती मला जवळजवळ प्रत्येक नातेवाइकाने बोलून दाखवली आहे. तसे होत नाही. उलट माझ्या अनुभवात बहुतेक माणसे हा प्रश्न ऐकून सुटकेचा श्वास सोडतात, कारण इतके दिवस तो विचार त्यांनी एकट्याने सांभाळलेला असतो. उत्तर ‘हो’ आले, किंवा उत्तर टाळले गेले, तर त्यांना एकटे ठेवू नका, घरातील फवारणीची औषधे आणि गोळ्यांचा साठा त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवा आणि केमोच्या तारखेची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. गावात रात्री अकरा वाजता डॉक्टर मिळत नाही, तेव्हा हा क्रमांक उपयोगी पडतो.

आता डिप्रेशनविषयी. झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, थकवा, वजन घटणे ही नैराश्याची लक्षणे आहेत, पण तीच कर्करोगाची, वेदनेची आणि पुढे केमोचीही लक्षणे असतात. त्यामुळे शरीराच्या तक्रारींवरून आम्हाला फारसा निवाडा करता येत नाही. मी मनाच्या खुणा शोधते. नातवंड मांडीवर येऊन बसले तर चेहरा क्षणभर तरी उजळतो का? दूरदर्शनवरची रोजची मालिका लागली की लक्ष तिकडे वळते का? रडू येते ते लाटेसारखे येऊन ओसरते का, की दिवसभर सगळे सपाट, कोरडे, निर्विकार असते? ‘माझ्यापायी ओढाताण’ ही खंत आहे, की ‘मी कुणाच्याच कामाची नाही, मी हे भोगायलाच हवं’ इथपर्यंत ती गेली आहे? लाटा येत असतील आणि मधल्या वेळात माणूस थोडा का होईना स्वतःसारखा वागत असेल, तर ते दुःख आहे, आणि अशा बातमीनंतर दुःख होणे हे मन जागेवर असल्याचे लक्षण आहे. कशातच रस न वाटणे किंवा खिन्नता सलग दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसातला बहुतेक वेळ टिकली आणि सोबत अपराधीपणा, निरुपयोगीपणा किंवा मरणाचे विचार असतील, तर आम्ही नैराश्याच्या आजाराचा विचार करतो.

प्रमाण किती, असे भावाने विचारले तर सांगा. अमेरिकेतील तीन कर्करोग केंद्रांमध्ये २१५ रुग्णांची मुलाखत घेऊन केलेला १९८३ सालचा अभ्यास आमच्या शाखेत अजूनही आधाराला घेतला जातो. त्यात ४७ टक्के रुग्णांमध्ये मानसिक विकाराचे निदान करता आले, पण त्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक जणांना असलेला त्रास हा नव्या परिस्थितीशी जुळवून घेताना होणारी मनाची पडझड या प्रकारचा होता. पुढे २०११ साली असे ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हाही रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कर्करोगग्रस्तांपैकी साधारण ३० ते ४० टक्के लोकांना मनःस्थितीचा काही ना काही विकार आढळला आणि तीव्र नैराश्य सुमारे सहा-सात जणांमागे एकाला होते. याचा अर्थ असा की तुमच्या आईंची अवस्था अपवादात्मक नाही, ती वेडाची तर मुळीच नाही, आणि ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून दुर्लक्ष करण्याइतकी सरसकटही नाही.

मात्र ‘डिप्रेशन आहे की नाही’ हा प्रश्न मी स्वतः पहिल्या भेटीत दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. पहिला प्रश्न असतो, हा घोर नेमका कशाकशाचा बनलेला आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जिमी हॉलंड यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक साधे साधन तयार झाले. कागदावर तापमापकाचे चित्र असते, खाली ० आणि वर १०, आणि गेल्या आठवड्यात किती त्रास झाला ते रुग्णाने खूण करून दाखवायचे. शेजारी अडचणींची यादी असते: प्रवास, पैसा, मुले, जोडीदार, भीती, उदासी, झोप, दुखणे, श्रद्धेविषयीचे प्रश्न वगैरे. आकडा ४ किंवा त्याहून वर गेला तर अधिक विचारपूस करायची. ‘मानसिक आजार’ हा शब्द ऐकताच लोक मागे सरतात, म्हणून त्यांनी मुद्दाम ‘त्रास’ या अर्थाचा साधा शब्द निवडला होता. म्हणजे तुमच्या भावाची अडचण न्यूयॉर्कमध्येही होतीच.

हे साधन मराठीत वापरताना मी सुरुवातीची दोन वर्षे चुकीचा शब्द वापरत होते. ‘मानसिक ताण किती आहे?’ असे विचारले की ग्रामीण बायका शून्यावर बोट ठेवत. ताण हा शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसांना असतो, अशी काहीशी समजूत त्यामागे असावी. एकदा आमच्या वॉर्डातील मावशींनीच मला न विचारता एका आजींना प्रश्न केला, ‘जिवाला घोर किती लागलाय, आजी?’ आजींनी बोट आठावर ठेवले आणि रडू लागल्या. तेव्हापासून मी ‘घोर’ हाच शब्द वापरते. तुम्हीही तोच वापरा. आकडा महत्त्वाचा नाही असे नाही, पण आकड्यापाठोपाठ विचारायचा ‘कशाचा?’ हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

कारण ‘कशाचा?’ची उत्तरे घरच्यांनी गृहीत धरलेल्या उत्तरांशी फार क्वचित जुळतात. घरच्यांना वाटते, तिला मरणाची भीती वाटते. असतेही. पण ‘केस गेल्यावर हळदीकुंकवाला कशी जाऊ’ ही भीतीही असते आणि ‘मी आडवी झाले तर ह्यांना पथ्याचं कोण करून घालेल’ हीसुद्धा. एका बाईंचा आकडा सलग तीन भेटींत ९ होता आणि कारण चौथ्या भेटीत कळले: जावेने त्यांचा कप आणि ताट वेगळे ठेवले होते. कर्करोग संसर्गजन्य नाही, हे जावेला समोर बसवून सांगितल्यावर पुढच्या आठवड्यात आकडा ४ वर आला, कोणत्याही गोळीशिवाय. दुसऱ्या एका वारकरी बाईंना यंदाची आषाढीची वारी चुकणार याचे दुःख होते आणि मुलगा ‘आई, आता वारीचं काय घेऊन बसलीस’ म्हणून ते उडवून लावत होता. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गर्दीत जाऊ नये असे कर्करोगतज्ज्ञांनी स्पष्टच सांगितले होते, त्यात तडजोड शक्य नव्हती. पण त्यांच्या दिंडीतल्या बायकांनी रोज संध्याकाळी मुक्कामावरून फोन लावून हरिपाठ ऐकवला, आणि ते पंधरा-वीस दिवस त्या बाई औषधांच्या वेळा स्वतः सांभाळत होत्या. स्तनाच्या कर्करोगात आणखी एक विषय असतो, जो आई मुलाशी कधीच बोलणार नाही आणि मुलीशीही बोलेलच असे नाही: शस्त्रक्रियेनंतर शरीर कसे दिसेल आणि नवऱ्याला काय वाटेल. त्यासाठी एखादी अनुभवी परिचारिका किंवा याच उपचारातून गेलेली बाई भेटवून द्यावी. मुंबईत १९५१ साली स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी आणि इतर काही संस्था रुग्णांना आधार देण्याचे काम करतात. तुमच्या रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना विचारले तर जवळची व्यवस्था कळेल.

पैशाचा घोर वेगळा सांगते, कारण ‘माझ्यापायी ओढाताण’ या वाक्यात मला तोच सर्वाधिक ऐकू येतो. आपल्याकडच्या बायका जमीन गहाण पडेल का, मुलाच्या डोक्यावर कर्ज होईल का, याचा हिशोब रात्री जागून करत असतात, आणि घरचे ‘तू पैशाचा विचार करू नकोस’ एवढेच म्हणतात. त्याने विचार थांबत नाही, फक्त बोलणे थांबते. त्याऐवजी त्यांना खरा हिशोब सांगा. उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रांकडून विचारून घ्या. कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण या योजनेत आहे. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या व्यक्तीला तिकिटात सवलत असते. हे आईंच्या समोर, कागद घेऊन, बेरीज करून सांगा. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला आकडे कळतात.

इथवरचे एकत्र करून सांगायचे तर, आधी ‘पुरे झालं’चा अर्थ विचारा, मग घोर किती आणि कशाचा ते विचारा, आणि जे सुटण्यासारखे आहे ते सोडवा. त्यानंतर जे शिल्लक राहते त्याला दुःख म्हणायचे की आजार, हे ठरवणे बरेच सोपे होते.

आता स्टेज लपवण्याविषयी, आणि इथे मी थोडी स्पष्ट बोलणार आहे. प्रेमापोटी लपवता हे मला समजते. माझ्या स्वतःच्या घरात वडिलांच्या आजारात आम्ही भावंडांनी हेच केले होते, आणि तेव्हा मी या शाखेत होते. पण लपवलेली माहिती रिकामी जागा सोडते आणि ती जागा माणूस स्वतःच्या आठवणींनी भरतो. आईंच्या पिढीने पाहिलेला कर्करोग म्हणजे उशिरा कळलेला, गावाबाहेर उपचारच न मिळालेला आणि काही महिन्यांत माणूस घेऊन गेलेला आजार. तुम्ही खोलीत आल्यावर बोलणे बदलता, फोन घेऊन अंगणात जाता, रिपोर्टची पिशवी कपाटावर ठेवता, हे सगळे त्या पाहत असतात, आणि त्यातून एकच अर्थ निघतो: सांगण्यासारखे नाही, म्हणजे फार वाईट आहे. एका निवृत्त शिक्षकांना मुलांनी ‘साधी गाठ आहे’ असे सांगितले होते. त्यांनी शेजारच्या कॉलेजातल्या मुलाकडून इंग्रजी रिपोर्ट वाचून घेतला होता आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून ते दोन महिने काही माहीत नसल्यासारखे वागत होते. बाप मुलांना सांभाळत होता, मुले बापाला सांभाळत होती, आणि एका घरात राहून कोणीच कोणाशी खरे बोलत नव्हते.

तुमच्या बाबतीत तर लपवलेली बातमी कल्पनेपेक्षा बरी असण्याची शक्यता अधिक आहे. स्टेज गाठीचा आकार, काखेतील गाठींपर्यंत झालेला प्रसार आणि शरीरात अन्यत्र झालेला प्रसार यांवरून ठरते. दुसऱ्या स्टेजमध्ये आजार दूरच्या अवयवांत पसरलेला नसतो आणि उपचार आजार बरा करण्याच्या उद्देशाने दिले जातात. पण हे कोणी समजावले नाही तर ‘चारातली दोन, म्हणजे निम्मं संपलं’ असा हिशोब लोक करतात. हे वाक्य मी शब्दशः ऐकले आहे. म्हणून नुसता आकडा सांगून मोकळे होऊ नका, अर्थासह सांगा, आणि शक्यतो डॉक्टरांच्या तोंडून.

मात्र सगळे सांगून टाकणे हाही नियम नाही. वाईट बातमी सांगण्याच्या ज्या पायऱ्या आम्हाला शिकवल्या जातात, त्यांत माहिती देण्याआधी रुग्णाला काय ठाऊक आहे आणि त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे विचारण्याच्या दोन पायऱ्या असतात. ‘आई, डॉक्टरांनी काय काय सांगितलं असं तुला वाटतं? तुला सगळं समजून घ्यायचंय, की मोठं मोठं तेवढंच सांगू आणि बाकी आम्ही बघू?’ काही जण खरोखरच म्हणतात, ‘तुम्हीच बघा, मला फक्त कधी यायचं ते सांगा.’ तो त्यांचा निर्णय असतो आणि त्याचा मान राखावा. फरक एवढाच की तो त्यांनी घेतलेला असतो. आणि हा प्रश्न एकदाच विचारून भागत नाही, कारण आज ‘नको’ म्हणणारी बाई दुसऱ्या केमोनंतर ‘आता सांग’ म्हणू शकते.

‘टेन्शनने कर्करोग वाढतो’ हे वाक्य माझ्या ओपीडीत सर्वाधिक नुकसान करणारे वाक्य आहे. ज्या बाईला आधीच झोप येत नाही तिला आपण सांगतो की तुझ्या काळजीमुळे गाठ वाढेल, मग ती काळजी करण्याचीही काळजी करू लागते. इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनाचा कर्करोग असलेल्या ५७८ स्त्रियांचा किमान पाच वर्षे मागोवा घेऊन १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘लढाऊ वृत्ती’ असणे किंवा नसणे याचा जगण्यावर फरक पडलेला दिसला नाही. टोकाची हताशा असलेल्या स्त्रियांत मात्र परिणाम काहीसा वाईट होता, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि म्हणून हताशेवर उपचार करावेत असे मी म्हणते. १९८९ साली अमेरिकेतील एका अभ्यासात गटचर्चेत सहभागी झालेल्या, पुढच्या टप्प्यातील रुग्ण स्त्रिया अधिक जगल्याचे दिसले होते आणि त्याचा जगभर गाजावाजा झाला. परंतु २००१ साली २३५ स्त्रियांवर तीच पद्धत पुन्हा तपासली तेव्हा आयुष्य वाढले नाही. उदासी आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली. मला विचाराल तर तेवढे पुरेसे आहे. मन शांत असावे ते आईंना बरे वाटावे म्हणून, पेशींवर हुकूमत गाजवण्यासाठी नव्हे.

मनाचा उपचारांवर परिणाम होतो तो फार साध्या मार्गाने. खचलेला माणूस तारखा चुकवतो, गोळ्या अर्ध्यावर सोडतो, ताप आला तरी सांगत नाही. तेव्हा नातेवाइकांना सांगा की ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणण्याऐवजी ‘मंगळवारी मी गाडी घेऊन येतो’ असे म्हणा. आणि आई रडल्या तर रडू द्या. मी पाहिलेल्या रुग्णांपैकी जे सर्वांसमोर हसतमुख राहिले त्यांच्याविषयी मला नेहमी थोडी अधिक काळजी वाटत आली आहे.

आता वैद्यकीय बाजू. मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्याआधी किंवा त्यांच्याकडेच काही साध्या तपासण्या व्हाव्यात: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, सोडियम आणि कॅल्शियम. कॅल्शियम वाढले किंवा थायरॉइड मंदावले तर माणूस हुबेहूब नैराश्यातल्यासारखा दिसतो. वेदना असेल तर तिच्यावर आधी उपचार हवेत. दुखत असलेल्या माणसाच्या मनाचे मूल्यमापन करण्यात अर्थ नसतो. केमोच्या आसपास उलटी आणि ॲलर्जी टाळण्यासाठी डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड्स देतात, त्यामुळे दोन-तीन रात्री झोप उडते आणि चिडचिड होते. ते आधी माहीत असेल तर घरचे घाबरत नाहीत. गोळ्या सकाळच्या वेळेत घेता येतील का हे डॉक्टरांना विचारा.

नैराश्य सौम्य असेल तर चार-सहा भेटींचे समुपदेशन पुरते, ज्यात अडचणी सुट्या करून एकेक हाताळणे आणि दिवसाला थोडी घडी बसवणे यावर भर असतो. मध्यम किंवा तीव्र असेल तर औषधे लागतात. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यांची नशा किंवा चटक लागत नाही, आणि ती अचानक बंद करायची नसतात. झोप आणि भूक दोन्ही गेलेल्या रुग्णाला मी अनेकदा मिर्टाझापिन देते, कारण ते या दोहोंना हातभार लावते. एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा: आईंचा आजार संप्रेरकांशी निगडित असेल आणि पुढे टॅमॉक्सिफेन ही संप्रेरकाचा परिणाम रोखणारी गोळी सुरू होणार असेल, तर पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन ही नैराश्यावरची औषधे टाळावी लागतात. टॅमॉक्सिफेनचे शरीरात ज्या प्रक्रियेने प्रभावी रूप तयार होते तीच ही औषधे रोखतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना कर्करोगाची पूर्ण फाईल दाखवा आणि कर्करोगतज्ज्ञांना मनाच्या गोळ्यांची चिठ्ठी. मेडिकलमधून कोणाच्या तरी सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. त्या डॉक्टरांनीही मोजक्या दिवसांपुरत्याच द्यायच्या असतात.

भावाची समजूत घालताना वाद घालू नका. आईंना खोटे सांगून, ‘ब्लडप्रेशरच्या डॉक्टरांकडे जाऊ’ असे म्हणून तर मुळीच आणू नका, कारण दारावरची पाटी त्या वाचतात आणि विश्वास तिथेच संपतो. मी सुचवते ते वाक्य असे: ‘केमो पूर्ण व्हायची तर झोप आणि जेवण हवं. ते बघणारे डॉक्टरही याच टीममध्ये असतात.’ ते खरे आहे आणि भावालाही पटण्यासारखे आहे. कर्करोग रुग्णालयात मानसोपचाराची सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

पुढे काय अपेक्षित आहे तेही सांगते. निदान आणि उपचार यांच्यामधला हा थांबण्याचा काळ माझ्या अनुभवात सर्वांत अवघड असतो, आणि पहिली केमो झाल्यावर, म्हणजे ‘काहीतरी सुरू झालं’ असे वाटल्यावर, बरीच माणसे थोडी स्थिरावतात. केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात तेव्हा पुन्हा एक उतार येतो; त्याआधीच केस बारीक कापून घेतलेल्या बायकांना तो थोडा सोपा जातो. सगळे उपचार संपल्यावर, जेव्हा घरचे पेढे वाटत असतात, तेव्हाही काही जण खचतात, कारण रोजची देखरेख थांबलेली असते आणि भीती तशीच असते. त्या वेळी ‘आता काय झालं रडायला’ असे कोणी म्हणू नये म्हणून आधीच लिहून ठेवते. तुम्ही स्वतः पुणे आणि गाव अशा फेऱ्या मारत आहात; तुमचाही आकडा कोणीतरी विचारायला हवा.

येत्या रविवारी गावी जाल तेव्हा वहीच्या पानावर ० ते १० ची उभी रेघ काढा, आईंना बोट ठेवायला सांगा आणि ‘कशाचा?’ विचारून उत्तर त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहा. ‘पुरे झालं’बद्दलचा प्रश्न मात्र रविवारपर्यंत ठेवू नका, आज रात्री फोनवरच विचारा. घोराचा हाच प्रश्न पहिल्या केमोनंतर एकविसाव्या दिवशी, दुसऱ्या केमोला जाताना पुन्हा विचारा. मला पुढे काही विचारावेसे वाटले तर ते दोन आकडे आणि आईंची ती दोन वाक्ये सोबत लिहा.